संबंधित विभाग

आमच्या दारासमोरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण मे महिन्यात गेलं. कुठं गेलं ते कुणालाच माहीत नाही. रात्री होतं, सकाळी नव्हतं. पेठेतल्या रिवाजाप्रमाणं समोरच्या पोरांनी त्या भोकात शेवग्याची फांदी खोचली, फांदीला लाल फडकं बांधलं आणि सगळे आपापल्या कामाला गेले.

मी बत्तीस वर्षं एका सरकारी कार्यालयात बारनिशी, म्हणजे पत्रांची आवक-जावक, सांभाळलेला माणूस. अर्ज कसा करायचा हे मला कुणी शिकवू नये. विषय, संदर्भ, महोदय, दोन प्रती, एकीवर पोचेचा शिक्का. दोन्ही प्रती पिशवीत घालून मी निघालोच होतो, तर शेजारच्या पोरानं अडवलं.

"काका, अर्ज घिऊन कुठं निघालाय? आता कोण वाचतंय व्हय तिथं? फोटो टाका, त्यास्नी टॅग करा. दोन तासांत माणूस दारात!"

त्याचंही अगदीच चूक नव्हतं. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना एका ट्विटवर धावत्या गाडीत बाळाला दूध पोचल्याच्या बातम्या मीच चहा पिता पिता हिला वाचून दाखवल्या होत्या. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री होत्या तेव्हा, २०१६ साली, एकानं चक्क बिघडलेल्या फ्रीजची तक्रार त्यांच्याकडं केली. त्यांनी त्यालाही उत्तर दिलं, की बाबा रे, मी अडचणीतल्या माणसांत गुंतलेय, फ्रीजचं माझ्याच्यानं काही व्हायचं नाही. फ्रीजला परराष्ट्र खात्यातून उत्तर येतं, तर झाकणाला गावातून का येऊ नये?

पिशवी खुंटीला अडकवली आणि खातं उघडलं.

ज्या कार्यालयाला टॅग केलं त्याचं नाव सांगत नाही. मला याच गावात राहायचंय. तर त्यांचं पान बघत बसलो, आणि सांगतो, एवढं हसतंखेळतं कार्यालय मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. २० मार्चला चिमणी दिनाच्या शुभेच्छा, २२ मार्चला जल दिनाच्या, २२ एप्रिलला वसुंधरा दिनाच्या. मधल्या रिकाम्या तारखांना रील. एका रीलमध्ये दोघं कर्मचारी 'नाद खुळा' म्हणत ओला कचरा, सुका कचरा वेगळा करत नाचत होते. मुंबई पोलीस २०१५च्या अखेरीस ट्विटरवर आले आणि कोट्या करून लोकांना हेल्मेट घालायला लावू लागले. तेव्हापासून आपणही विनोदी असलं पाहिजे, असं प्रत्येक खात्यानं मनावर घेतलेलं दिसतं. पण पोलिसांच्या कोटीमागं पावतीपुस्तक असतं, हे बाकीच्यांच्या ध्यानात आलं नाही. शिवाय इथं खरा विनोद खाली, कॉमेंटमध्ये चालू होता. चिमणीच्या चित्राखाली एकानं लिहिलं होतं, "चिमणीला ठेवायला वाटीभर तरी पाणी सोडा."

मी फोटो टाकला. अकराव्या मिनिटाला उत्तर. बत्तीस वर्षांत मी एवढ्या वेळात लखोटासुद्धा फोडला नसेल. "नमस्कार. कृपया आपला पत्ता व संपर्क क्रमांक डीएम करा." पुढं हात जोडल्याची दोन चित्रं.

डीएम! आमच्या हयातीत डीएम म्हणजे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट. एका झाकणासाठी थेट कलेक्टरसाहेब? मधल्या साहेबांना ओलांडून टिपणी वर न्यायची नसते, हे हाडात मुरलेलं. मी घाबरून फोन उपडा ठेवला. संध्याकाळी त्या पोरानं पोट धरून हसून झाल्यावर डीएमचा अर्थ सांगितला: डायरेक्ट मेसेज, म्हणजे खासगी निरोप. मग डीएम करायला गेलो, तर हे खातं मेसेज घेत नाही असं उत्तर आलं. शेवटी कॉमेंटमध्येच उघड्यावर नंबर लिहिला. झाकणवाल्यांचा एकही फोन आला नाही. पर्सनल लोनवाल्यांचे सात आले.

आठवड्यानं पुन्हा उत्तर आलं: "आपली तक्रार योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आली आहे."

मला अक्षरशः गहिवरून आलं. हे माझं वाक्य होतं! किती हजार पत्रांवर मी ते लिहिलं असेल, देव जाणे. यात 'कार्यवाही'च लिहायचं, चुकूनही 'कारवाई' नाही. कारवाईत माणूस हलतो, कार्यवाहीत कागद. आणि संबंधित विभाग? माझ्या टेबलावरून गेलेलं पत्र चार टेबलं फिरून, चार सह्या लेवून, महिन्यानं माझ्याच टेबलावर 'संबंधित' म्हणून परत यायचं. पलीकडं कोण बसलंय ते मला ओळखू येत होतं. त्या उत्तराला मी लाईक दिला.

जून उजाडला, पाऊस लागला, आणि फांदीला पालवी फुटली. शेवगाच तो. फांदी रोवली की धरतो. जाणारेयेणारे थांबून कौतुक करायला लागले. हिनं एकदा शेंगांबद्दल विचारलं. मी तो विषय वाढू दिला नाही.

मग जुलैत पंचगंगा चढली, आणि गावाचं सगळं लक्ष फोनकडं लागलं.

हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्या दिवसांत आमच्याकडं रील कुणी बघत नाही. सगळं गाव एका आकड्यासाठी थांबलेलं असतं: राजाराम बंधारा, इतके फूट, इतके इंच. ३९ला इशारा, ४३ला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, एकेकातून १४२८ क्युसेक, किती बंधारे पाण्याखाली, कुठला रस्ता बंद. शुभेच्छा नाहीत, साहेबांचा फोटो नाही, 'फॉलो करा' नाही. आणि तोच मेसेज पाच मिनिटांत गावभर. कट्ट्यावर शेअर बाजारासारखी बोली चालते. "एकेचाळीस चार." "छ्या, मघाशी पाच होतं की." "म्हंजे उतराय लागलं!" २०१९ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ला ५६च्या, त्यामुळं एकेका इंचाला इथं काय किंमत आहे ते नदीकाठच्या घरांना विचारा. सामान माळ्यावर टाकायचं की अजून एक रात्र थांबायचं, हे त्या इंचावर ठरतं. त्यातच कुणीतरी २०१९चा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून सोडतो, कुणी धरण फुटल्याची आवई उठवतो. मग पुढचा आकडा येतो आणि कट्टा गप होतो. या आकड्याखाली कधी कुणी चिमणी काढलेली नाही. मी फोन हातात धरून बसायचो आणि वाटायचं, हे ज्यानं लिहिलंय तो नक्की जुन्या बारनिशीतला असणार.

पाणी उतरलं. ऑगस्टात एका सकाळी दारात टेम्पो थांबला. टेम्पोतून आधी ट्रायपॉड उतरला, मग गोल दिवा, मग माईक घेतलेली एक मुलगी, आणि सगळ्यात शेवटी झाकण.

झाकण बसवायला चार मिनिटं लागली. पण वरून, खालून आणि 'स्लो'मध्ये, असं तीन वेळा बसवायचं होतं. तिसऱ्या खेपेला चौघांतला एक कामगार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, आता काढलं तर परत बसवनार न्हाई." मग माझी पाळी.

"काका, आनंदानं सांगा, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय. तीन महिने लागले."

"कट! काका, निगेटिव्ह नको. 'काम एकदम जगात भारी' म्हणा. आणि हसून."

रात्री रील आलं. मी साडेतीन सेकंद दिसतो, मागं हलगी वाजते, आणि माझ्या तोंडून फक्त "बरं वाटतंय" एवढंच ठेवलंय. संपादन चांगलं होतं, मान्य केलं पाहिजे. शेवगा उपटून हिनं बादलीत लावला.

रीलखाली साठ कॉमेंट होत्या. कुणाचा दिवा बंद, कुणाचा पाइप फुटलेला. उत्तर एकालाही नाही. एका बाईंनी लिहिलं होतं, आठ दिवस गल्लीत अंधार आहे, सासूबाई पडता पडता वाचल्या. साठ पत्रं टेबलावर पडलीत आणि एकावरही शेरा नाही! मला झोप येईना. उठलो, चष्मा लावला आणि लिहिलं, "महोदया, आपली तक्रार प्राप्त झाली. योग्य त्या कार्यवाहीसाठी नोंद घेतली आहे." मिनिटभरात उलट उत्तर: "धन्यवाद साहेब." साहेब! निवृत्तीनंतर पहिल्यांदा.

मग दुसऱ्याला लिहिलं. मग नातवाची जुनी वही काढून पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय.

सकाळी हिनं टेबल पुसताना वही उघडून बघितली. चौदा नोंदी.

"हे काय आणि नवीन?"

"आवक," मी म्हटलं.

"आणि जावक?"

मी चहा मागितला.