वाऱ्याची दिशा राहून गेली

कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटाहून एका दिवसासाठी शेजारच्या अँग्विला बेटावर जायचं की सेंट बार्ट्स बेटावर, हे 'किनारे हवेत की दुकानं' यावर ठरवा, असं लेखात म्हटलंय. माझ्या मते पहिला प्रश्न वाऱ्याचा आहे आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही! तिथे वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. सेंट बार्ट्स आग्नेयेला आहे, म्हणजे जाताना बोट थेट लाटांवर आपटत जाते. परतीचा प्रवास त्या मानाने सुखाचा. पाऊण तासाचा पल्ला, पण आम्ही डिसेंबरअखेरीस गेलो तेव्हा वारा जोरात होता आणि सासूबाईंना उतरेपर्यंत मान वर करता आली नाही. नंतरचा अर्धा दिवस त्यांनी सावलीत पडून काढला. सेंट मार्टिनच्या मारीगो बंदरातून अँग्विलाच्या ब्लोइंग पॉइंट धक्क्याला मात्र पंचवीसएक मिनिटांत पोहोचता येतं. सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर मी डोळे झाकून अँग्विलाच सांगेन. सेंट बार्ट्सलाच जायचं असेल तर उलटीची गोळी बोटीत चढण्याआधी घ्या आणि मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसा. पुढे हादरे फार बसतात.

आणखी एक. अँग्विला ब्रिटिश, सेंट बार्ट्स फ्रेंच. अमेरिकेतून जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी दोन्हीकडचे प्रवेशाचे नियम तिकीट काढण्याआधी वेगवेगळे तपासावेत. एकीकडे चाललं म्हणून दुसरीकडे चालेलच असं नाही.