चोर सोडून संन्याशाला फाशी

स्मार्टफोनचा पिन विसरणे हा दखलपात्र गुन्हा आहे, असे एकदाचे जाहीर करून टाकावे, म्हणजे शिक्षा काय होणार हे तरी लोकांना आधी कळेल. ईमेल असो, बँकेचे खाते असो की रेल्वेचे तिकीट, जिथे जिथे पासवर्ड मागतात तिथे खाली बारीक अक्षरांत का होईना, ‘पासवर्ड विसरलात?’ अशी एक ओळ असते. माणूस विसरतो, हे त्या सगळ्यांनी गृहीत धरलेले आहे. फक्त दिवसातून शंभरदा हातात येणाऱ्या या एका यंत्राने ते गृहीत धरायचे नाकारले आहे.

एकेकाळी परिस्थिती इतकी वाईट नव्हती. अँड्रॉइडच्या 4.4 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत पॅटर्न पाच वेळा चुकला की ‘पॅटर्न विसरलात?’ असा पर्याय दिसायचा, तिथे गूगल खात्याचा पासवर्ड दिला की नवा पॅटर्न ठेवता यायचा आणि फोनमधले काहीही न जाता माणूस आपल्या कामाला लागायचा. 2014 मध्ये 5.0 ही आवृत्ती आली आणि ही सोय निघून गेली. त्यानंतर दर वर्षी कॅमेरे वाढले, पडदे वाढले, किमती वाढल्या. विसरलेल्या माणसासाठी मात्र बहुतेक फोनांत ‘सगळे पुसून टाका’ हा एकच रस्ता शिल्लक राहिला.

यामागचे कारण मला समजत नाही असे नाही, त्यामुळे ‘सुरक्षेसाठी हे आवश्यक आहे’ हे प्रवचन कोणी पुन्हा ऐकवू नये. आजच्या फोनमधला डेटा कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच न येणारा, असतो आणि त्याची किल्ली तुमचा पिन व फोनच्या चिपमधले एक गुपित यांच्या मिलाफातून तयार होते. पिन नाही तर किल्ली नाही, आणि ती किल्ली कंपनीकडेही नसते. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे गोळीबार करणाऱ्या हल्लेखोराचा आयफोन उघडून देण्यासाठी 2016 मध्ये अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय ॲपलविरुद्ध न्यायालयात गेली होती आणि शेवटी तिसऱ्याच कोणाच्या मदतीने तिने तो उघडला, हे सर्वश्रुत आहे. ज्या दारापुढे एफबीआयला ताटकळावे लागले, ते माझ्या मावशीसाठी उघडावे असा माझा हट्ट नाही. माझा संताप वेगळ्या गोष्टीचा आहे. कुलूप इतके पक्के आहे आणि विसरलात तर आतले सर्व कायमचे जाईल, ही बाब ज्या ठसठशीतपणे सांगायला हवी त्याच्या शतांशानेही सांगितली जात नाही. काही फोनांत पिन ठेवताना एक फिकट ओळ दिसते खरी, पण ती ‘पुढे’ या भल्यामोठ्या बटणाच्या वर अशी दडवलेली असते की नजर तिच्यावर ठरतच नाही. एरवी हाच फोन नवीन थीम घ्या, अमुक ॲपला तारे द्या, जागा कमी पडते आहे तर पैसे भरा, अशा सूचनांनी जीव नकोसा करतो. जिथे खरोखर ओरडून सांगायला हवे, तिथेच तो कुजबुजतो.

मावशीचे प्रकरण पाहा. तिने नवा फोन घेतला आणि जुना बंद करून कपाटात ठेवला. काही महिन्यांनी त्यातले फोटो हवे झाले म्हणून चार्ज करून सुरू केला, सवयीने अंगठा टेकवला, तर फोन म्हणाला की रीस्टार्टनंतर पिन आवश्यक आहे. ‘अरे, बोट माझंच आहे, फोन माझाच आहे, मग हा मला ओळखत का नाही?’ या तिच्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे. फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिन दिल्याशिवाय किल्लीच तयार होत नाही, त्यामुळे नुसत्या ठशाचा तोवर काही उपयोग नसतो. पण हे उत्तर देताना मलाच ओशाळल्यासारखे झाले, कारण ‘आता तुमचे बोट हाच तुमचा पासवर्ड’ असे तिला सांगूनच तर तो फोन विकला गेला होता. तिने आठवतील ते आकडे टाकून पाहिले आणि प्रत्येक चुकीनंतर थांबण्याची मुदत वाढत गेली. बॅकअप मोफत जागा भरल्यावर केव्हाच थांबला होता. म्हणजे फोन पुन्हा वापरता येईल, पण ज्या फोटोंसाठी तो उघडायचा आहे ते पुसून!

बरे, पुसायला तयार झालेल्या माणसाची तरी सुटका होते का? आवाजाचे बटण आणि पॉवरचे बटण एका विशिष्ट क्रमाने, विशिष्ट वेळ दाबून धरायचे. क्रम प्रत्येक फोनचा निराळा. जमले तर रिकव्हरीचा काळा पडदा येतो, तिथे फॅक्टरी रीसेट करायचे, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करायचा, आणि मग फोन विचारतो की यावर पूर्वी असलेल्या गूगल खात्याचा पासवर्ड सांगा. अँड्रॉइड 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, चोरीला आळा घालण्यासाठी ही तजवीज आहे. पासवर्ड दिला की खाते म्हणते, तुमची ओळख पटवण्यासाठी तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, ती उघडा. कोणत्या फोनवर? याच! ओटीपी मागवावा तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते, पण ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेले, काढता न येणारे सिम, असेल तर तेही नाही. आणीबाणीसाठी दिलेले बॅकअप कोड बहुतेकांनी कुठे जपून ठेवलेले असतात, हे सांगायलाच नको.

आयफोनवाल्यांनी हसू नये. तिथे आधी एक मिनिट, मग 5, मग 15, मग तासभर अशी वाढती कोठडी आहे, आणि घरातल्या लहान पोराने खेळता खेळता आकडे बडवले तरी ती भोगायची तुम्हीच. पासकोड बदलल्यावर 72 तासांत जुना चालवून घेण्याची सोय यायला 2023 चे आयओएस 17 उजाडावे लागले. संगणक जोडून रीस्टोअर करायचे ठरवले, तर फोनच्या सॉफ्टवेअरची फाइल उतरायला 15 मिनिटांहून अधिक वेळ लागल्यास फोन रिकव्हरी मोडमधून आपणहून बाहेर पडतो आणि बटणांची सगळी कसरत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

या हतबलतेवर पोसलेल्या भामट्यांचा तर स्वतंत्र बाजार आहे. ‘डेटा न जाता कोणताही लॉक काढा’ अशी छातीठोक जाहिरात करणारी सॉफ्टवेअरे आधी पैसे घेतात आणि नंतर बारीक अक्षरांत कबूल करतात की डेटा पुसला जाईल, म्हणजे जे फुकट करता आले असते तेच. व्हिडिओंची तीच कथा. आणीबाणीच्या कॉलमध्ये अमुक आकडे दाबा, असे सांगणारा मनुष्य नेमक्या क्षणी कॅमेरा हलवतो आणि फोन उघडलेला दिसतो.

ज्याला पिन व्यवस्थित आठवतो आणि घरातल्या घरात वापरायच्या फोनचा लॉक नुसता काढायचा आहे, त्यालाही सुख नाही. सेटिंग्जमध्ये ‘काहीही नाही’ हा पर्याय कित्येकदा धूसर असतो आणि प्रशासक, एन्क्रिप्शन धोरण किंवा क्रेडेन्शियल स्टोरेज (प्रमाणपत्रे साठवण्याची जागा) यांनी तो अक्षम केल्याचे सांगितले जाते. तीन संशयितांची नावे दिली, पण यातला नेमका कोण, हे सांगायची तसदी नाही! कधीकाळी कार्यालयाचा ईमेल जोडताना दिलेली परवानगी किंवा व्हीपीएनसाठी घातलेले एखादे प्रमाणपत्र शोधून काढून टाकले की तो पर्याय उजळतो. त्यावर बोट ठेवले की फोन एकदम जबाबदार होतो, लॉक काढल्यास संरक्षण राहणार नाही, बोटांचे ठसेही पुसले जातील, असे ठळक अक्षरांत बजावतो आणि खात्री आहे का म्हणून विचारतो. एवढी अक्कल त्याच्यापाशी आहे, तर ती लॉक ठेवताना कुठे जाते?