रडारचं चित्र संगणकाने ‘रंगवलेलं’ असतं का?

सध्या एक दावा बराच फिरतोय: रडारची चित्रं मुळात धूसर असतात, ‘ऑटोफोकस’ नावाचं सॉफ्टवेअर त्यांत नसलेले तपशील भरतं, म्हणून विमानातून घेतलेली चित्रं काय किंवा पुराचे उपग्रह-नकाशे काय, सगळं संगणकाच्या मनचं.

आधी ‘मुळात धूसर’ बघू. अशी चित्रं ज्याने घेतात त्या सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडारमध्ये मुळात चित्रच नसतं. विमान उडत असताना अँटेना हजारो पल्स (रेडिओ-लहरींचे छोटे झोत) सोडते आणि प्रत्येक प्रतिध्वनीची तीव्रता व फेज (लहर आपल्या चढउताराच्या चक्रात नेमकी कुठे आहे ते) नोंदवते. चित्र त्या नोंदींच्या गणितातून तयार होतं. या गणिताला अँटेना त्या क्षणी नेमकी कुठे होती हे कळावं लागतं. रडारच्या एक्स-बँड या लहरपट्ट्याची तरंगलांबी सुमारे ३ सेंमी. लहर जाऊन परत येते, त्यामुळे जेमतेम ४ मिमीची चूक राहिली तरी फेज ९० अंशांनी चुकते. वाऱ्याच्या झोतात विमान याहून कितीतरी जास्त हलतं. जीपीएस आणि जडत्वमापक (विमानाची हालचाल मोजणारं उपकरण) त्यातलं बहुतेक पकडतात. जे उरतं त्याने चित्र पसरतं. प्रतिध्वनी मात्र शाबूत असतात, फक्त त्यांची जुळणी बिघडलेली असते. ऑटोफोकस ती जुळणी दुरुस्त करतो.

‘तपशील भरतं’ हा खरा आरोप. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली ‘फेज ग्रेडियंट ऑटोफोकस’ ही पद्धत घ्या. चित्राच्या प्रत्येक रांगेतला सर्वांत तेजस्वी ठिपका मध्यावर आणतात, भोवतालचा पसारा ठेवून बाकीचं कापतात आणि त्या पसाऱ्यावरून एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंत फेज किती घसरली ते मोजतात. एका रांगेवर भरवसा नाही. शेकडो रांगांचा कौल एकत्र घेतात, दुरुस्ती करतात आणि हेच पुन्हा काही वेळा करतात. हाती येतो दर पल्समागे एकच आकडा, आणि तो सगळ्या रांगांना सारखाच लागू होतो. (दृश्य फार रुंद असेल तर तुकडे पाडून हेच करतात.) काही हजार आकड्यांनी लाखो पिक्सेलच्या चित्रात हवी ती इमारत उभी करून दाखवा! शिवाय ही दुरुस्ती फक्त फेज फिरवते: एकूण ऊर्जा तेवढीच राहते आणि दुरुस्ती उलटी लावली की जुनं धूसर चित्र जसंच्या तसं परत मिळतं.

पुराच्या नकाशांचा मुद्दा तर नेमच चुकलेला. सेंटिनेल-१सारखा रडार-उपग्रह सुमारे ७०० किमी उंचीवर, वाऱ्यापलीकडे, स्थिर कक्षेत फिरतो. कक्षेच्या अंदाजात काही सेंटिमीटरची चूक असली तरी ती चित्र घेण्याच्या क्षणभरात सारखीच राहते, आणि सारखी चूक चित्र धूसर करत नाही. म्हणून अशा नकाशांना सहसा ऑटोफोकस लागतच नाही.

दाव्यात एक धागा मात्र खरा आहे. ऑटोफोकस चुकू शकतो. उघडा समुद्र किंवा सपाट शेतं असली की धरायला ठळक ठिपकेच नसतात. अशा वेळी ‘चित्र जास्तीत जास्त धारदार करा’ एवढाच निकष लावणारी पद्धत गोंगाटालाही ठिपका बनवू शकते. पल्सगणिक सरळ रेषेत वाढणारी फेजची चूक तर ऑटोफोकसला दिसतच नाही: चित्र स्वच्छ, पण सगळं जरा बाजूला सरकलेलं. चालत्या जहाजावर फोकस जुळवला तर मागचा किनारा पसरतो.

न्यूरल नेटवर्कने (उदाहरणं दाखवून शिकवलेल्या सॉफ्टवेअरने) ‘वाढवलेली’ रडार-चित्रं ही वेगळी जात. तिथे तपशील खरोखर कल्पिलेला असू शकतो, तिथे शंका घ्याच. ऑटोफोकसच्या बाबतीत कच्च्या नोंदी आणि लावलेली फेज-दुरुस्ती मागा. दोन्ही असतील तर तपासणी कोणालाही करता येते.