पालथ्या घड्याचा मेसेज टाकणाऱ्यांसाठी

आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडं पण आलाच असणार. म्हणे चाळिशीनंतर माणसाला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, मेंदू तोवर घट्ट झालेला असतो, बोलणं-वागणं तर जन्मजातच असतं, आणि आता मोबाईल सगळं करतोय तर लिहाय-वाचायला शिकून करायचंय काय. मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर आहे, माझ्या शिफ्टला निम्मी माणसं चाळिशीपुढची, त्यामुळं वाचून डोकंच फिरलं.

आधी मेंदूचं. लंडनमधी टॅक्सीचं लायसन्स पाहिजे तर हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात त्यात. तिथल्या शास्त्रज्ञांनी शिकायच्या आधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन काढले, तर पास झालेल्यांच्यात जागा-रस्ते लक्षात ठेवणारा भाग वाढलेला दिसला. २०११ ला छापून आलंय हे. मोठी माणसं होती ती, बालवाडीतली नव्हं. हां, वयानं पाठांतर हळू होतं, मान्य. पण हळू शिकणं आणि न शिकणं एकच आहे होय?

आमच्यातला एक हेल्पर, पंचेचाळीसचा, सातवी शिकलेला. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, हातात दिला की १२.०५ ला १२.५ सांगायचा, दोनदा जॉब (मशीनवर केलेले पार्ट) रिजेक्ट झाले. मी आपला लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात बारीक माप) हेच घोकत बसलो आणि तो 'हो साहेब' म्हणून मान हलवायचा. मग एकदा चहाच्या टपरीवर विचारलं, बारा रुपये पाच पैसे आणि बारा रुपये पन्नास पैसे सारखंच का? हसला, म्हणाला, "एवढंच व्हय, मग आधी सांगायचं की." आठवड्याभरात रीडिंग बरोबर यायला लागलं. डोकं त्याचं चालतच होतं, शिकवणारा मी चुकत होतो, आणि 'समजलं नाही' म्हणायची त्याला लाज वाटत होती कारण शेजारी पोराच्या वयाचा ट्रेनी उभा असायचा.

आणि लंडनला तरी कशाला जायचं, शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला बघा. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायला रिझर्व्ह बँकेकडं अर्ज केला तर नामंजूर, कारण बायका निरक्षर, अर्जावर अंगठे. मग बायका लिहाय-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांनाच म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमची माणसं कॅल्क्युलेटर घेऊन बसवा, बघू कोण आधी काढतंय. १९९७ ला माणदेशी बँक उभी राहिली. आता ह्यात हिशोब किती आणि बोलणं किती, ते मेसेजवाल्यानं वेगळं काढून दाखवावं.

बोलणं जन्मजात म्हणे. आमच्याकडं शिफ्ट बदलताना रोजची भांडणं, 'सांगितलं होतं', 'कधी सांगितलं', कारण मशीनच्या आवाजात पुढच्याला निम्मं ऐकूच जात नाही आणि तो 'हां हां' करून मोकळा होतो. आता ऐकणाऱ्यानं परत बोलून दाखवायचं असं ठरवलंय: "तीन नंबर टूलचा ऑफसेट बदललाय, पहिला जॉब मोजून घेतो." (ऑफसेट म्हणजे मशीनमधी टूलसाठी टाकलेलं माप.) पहिले चार दिवस सगळे हसत होते, शाळेतल्यागत वाटतंय म्हणून. आता न सांगता बोलतात. भांडणं अजून होतात, पण ऊसबिलावरनं, ऑफसेटवरनं नाही. ह्यातला एकजण तरी जन्मजात वक्ता होता का? (पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या नावाखाली टाय घालून गुड मॉर्निंग म्हणायला शिकवतात, त्याचे पैसे मात्र वाचवा.)

मोबाईलचं तर सोडाच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, ही एक ओळ स्क्रीनवर वाचता येत नसंल तर तोच मोबाईल खिसा कापतोय.

बाकी ज्यानं मेसेज टाकलाय तो बावन्नचा आहे. फॉरवर्ड कसं करायचं ते मागच्या दिवाळीत माझ्याकडनंच शिकलाय.