चूक नाही, चुकीचा नियम

वजाबाकीत मुलं निष्काळजीपणामुळे चुकतात, हे एका लेखातलं विधान पटलं नाही. ४०३ − १६८ चं उत्तर मूल २३५ ऐवजी ३६५ लिहितं, तेव्हा ते एकक, दशक, शतक अशा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असतं: ८ मधून ३, ६ मधून ०, ४ मधून १. नियम चुकीचा, पण पाळलाय अगदी काटेकोर! ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्येच अशा चुकांमागचे नियम उलगडून दाखवले होते. अशी आणखी दहा गणितं दिली तर तोच नियम पक्का होतो. त्यापेक्षा काड्या द्या. ४०३ काड्यांतला शंभराचा एक गठ्ठा उघडून दहाचे दहा गठ्ठे, त्यातला एक उघडून दहा सुट्ट्या काड्या. हाताशी ३ शतक, ९ दशक आणि १३ एकक आले, की तेच कागदावर लिहू द्या. आणि त्याआधी विचारा, ‘उत्तर ३०० च्या वर जाईल का?’