सहा महिन्यांनी शेरा आपोआप सुधारत नाही

अमेरिकी सैन्यातून ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्मानाने नव्हे, अशा अर्थाच्या) शेऱ्याने बाहेर पडलात तरी सहा महिन्यांत तो आपोआप सुधारतो, असं सर्रास सांगितलं जातं. निव्वळ थाप! डीडी-२१४ या सेवामुक्तीच्या कागदावरचा शेरा, अर्ज केला नाही तर, जन्मभर तसाच राहतो.

सेवामुक्तीला १५ वर्षं झाली नसतील तर डीडी-२९३ हा अर्ज भरून डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे, म्हणजे शेऱ्याचा फेरविचार करणाऱ्या मंडळाकडे, जायचं. मुदत उलटली असेल किंवा शिक्षा जनरल कोर्ट मार्शलची (सर्वात वरच्या लष्करी न्यायालयाची) असेल, तर डीडी-१४९ भरून नोंदी दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे. फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण ‘आता मी सुधारलोय’ एवढ्यावर सहसा भागत नाही. पीटीएसडीमुळे (भयंकर अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक आजारामुळे) हातून चूक घडली असेल तर डॉक्टरांचे कागद जोडाच. अशा अर्जांकडे उदारपणे बघण्याची सूचना संरक्षणमंत्री चक हेगल यांनी २०१४ मध्येच दिली होती.