पडून असलेले गाणे नको

मागच्या आठवड्यात एका संगीतकार मित्राचा निरोप आला. पंधरा-सोळा कलावंत मिळून स्वतःच्या नव्या गाण्यांचा एक अल्बम करत आहेत आणि त्याचे उत्पन्न दुर्धर आजार झालेल्या मुलांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेला देणार आहेत. निरोपाच्या शेवटी त्याने सहज लिहिले होते, "तुझ्याकडे एखादे गाणे पडून असेल तर पाठव ना. मानधन अर्थातच नाही." त्याच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण 'पडून असलेले' हे शब्द वाचल्यापासून मनातून जात नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका अल्बमसाठी मी गाणे दिले होते आणि तेही असेच पडून असलेले. मुखडा बरा होता, पण दुसऱ्या अंतऱ्यातली एक ओळ मात्रांत बसत नव्हती, म्हणून तिच्या शेवटी 'रे' घालून ती ओढून नेली होती. माझ्या स्वतःच्या अल्बममध्ये मी ते गाणे कधीच घेतले नसते. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बासरीवादक आले. पंख्याची घरघर माइकमध्ये येत होती, म्हणून त्यांनी तो बंद करायला सांगितला आणि दोन अंतऱ्यांच्या मधल्या जेमतेम दोन आवर्तनांच्या जागेसाठी त्यांनी अकरा टेक दिले. सातवा टेक आम्हा सर्वांना उत्तम वाटला होता, पण पंचमावरून खाली येताना मध्येच घेतलेला श्वास त्यांना ऐकू येत होता आणि तो त्यांना चालणार नव्हता. त्या दिवसाचा एक रुपयाही त्यांनी घेतला नाही. ज्या गाण्याची एक सैल ओळ दुरुस्त करण्यासाठी मी एक संध्याकाळही दिली नव्हती, त्या गाण्यासाठी हा माणूस घामाघूम होऊन उभा होता. त्यांच्या त्या जागेनंतर लगेच माझी ती 'रे'ची ओळ येते आणि आजही ती ऐकताना मला अपराधी वाटते.

दानाच्या अल्बममध्ये ऐकणारा कनवाळूपणाने ऐकेल, गुणदोष काढणार नाही, अशी आपली समजूत असते. असा श्रोता एकदा पैसे देतो, एकदा ऐकतो आणि विसरतो. गाणे पुन्हा पुन्हा ऐकले जाते ते ते चांगले असते म्हणून, आणि ते ऐकले गेले तरच त्याचे उत्पन्न चालू राहते. बोस्नियातील युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी १९९५ मध्ये 'वॉर चाइल्ड' या संस्थेने 'हेल्प' नावाचा अल्बम काढला. ४ सप्टेंबर या एका दिवसात वेगवेगळ्या कलावंतांनी आपापली गाणी ध्वनिमुद्रित केली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, ९ सप्टेंबरला, अल्बम बाजारात आला. एका दिवसात करायचे म्हटल्यावर कोणीही हाताशी असलेले काहीतरी उरकून दिले असते, तरी कोणी दोष दिला नसता. रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडने मात्र 'लकी' हे आपले नवे गाणे दिले आणि दोन वर्षांनी त्यांचा जो अल्बम जगभर गाजला, त्या 'ओके कॉम्प्युटर'मध्ये त्यांनी तेच ध्वनिमुद्रण घेतले. स्वतःच्या सर्वोत्तम कामात जे शोभते ते त्यांनी आधी दानात दिले होते.

गाणे द्यायचे तर पूर्ण द्यावे, असे मी म्हणतो. त्याचा अर्धा भाग हा झाला. उरलेला अर्धा कागदाचा आहे आणि त्याबद्दल आपण कलावंत फार ढिले असतो.

एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, आणि त्यांचे विशिष्ट ध्वनिमुद्रण ही दुसरी. जुने लोकप्रिय गाणे नव्याने गाऊन दानाचा अल्बम काढला, तर ध्वनिमुद्रण तुमचे असते, पण शब्द आणि चालीचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्यावी लागते, आणि त्यांनी आपला वाटा सोडला नाही तर तो आधी त्यांच्याकडे जातो. स्वतः रचलेल्या नव्या गाण्याचे मोठेपण इथेच आहे. गीतकार, संगीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च करणारा असे सगळे जण एकाच खोलीत बसलेले असतात आणि त्यांनी ठरवले तर गाण्याची पै न् पै ते देऊन टाकू शकतात. पण तसे त्यांना ठरवावे लागते. अल्बमच्या वेष्टनावर 'उत्पन्न दान' असे छापल्याने काहीच ठरत नाही. एकूण विक्री की खर्च वजा जाता उरलेला नफा? किती वर्षे? केवळ अल्बमची विक्री, की गाणे पुढे चित्रपटात, मालिकेत किंवा जाहिरातीत वापरले गेले तर तेही?

हा शेवटचा प्रश्न मी अनुभवातून लिहीत आहे. ज्या अल्बमविषयी वर लिहिले, त्यातले एक गाणे (माझे नव्हे) दोन वर्षांनी एका जाहिरातीसाठी मागितले गेले. रक्कम अल्बमच्या साऱ्या विक्रीहून मोठी होती. संगीतकाराचे म्हणणे असे की आपण अल्बमची विक्री दान केली होती, गाणे नव्हे. संयोजकांचे म्हणणे असे की गाणेच दान झाले होते. दोघेही प्रामाणिक होते आणि आपापल्या आठवणीनुसार खरेच बोलत होते, परंतु आमच्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता. 'चांगल्या कामात कसले करार?' असे आम्हीच तेव्हा म्हटले होते. वाद चार महिने चालला, जाहिरातवाल्यांनी दुसरे गाणे घेतले, संस्थेला काहीच मिळाले नाही आणि वीस वर्षे एकत्र काम केलेली ती दोन माणसे आज एकमेकांशी बोलत नाहीत.

याहून कितीतरी मोठ्या माणसांचीही या बाबतीत अडचण झाली आहे. पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून 'बीटल्स'मधले जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. त्यासाठी दोघांनीही नवी गाणी लिहून ध्वनिमुद्रित केली होती. दोन खेळांच्या तिकीटविक्रीतून जमलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. त्याहून कितीतरी मोठी रक्कम कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून येणार होती, पण धर्मादाय कार्यक्रम म्हणून आधी रीतसर व्यवस्था न केल्यामुळे ती अमेरिकेच्या करखात्याच्या चौकशीत कित्येक वर्षे अडकून पडली. इतक्या निखळ हेतूने केलेल्या कामात, वेळेवर न भरलेल्या कागदांमुळे भुकेल्या माणसांपर्यंत पैसा उशिरा पोहोचावा, याचे मला आजही फार वाईट वाटते.

उलट, जानेवारी १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सभागृहात युनिसेफसाठी जो संगीताचा कार्यक्रम झाला, त्यात गायकांनी हजेरी लावण्याबरोबर गाण्यांचे हक्कच देऊ केले होते. बी जीज आणि आबा या पॉप गायकसमूहांनी आपापल्या एका गाण्याच्या स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, वाटा युनिसेफच्या नावे केला. कार्यक्रम एका रात्रीत संपला, पण गाणी पुढे कित्येक वर्षे वाजत राहिली आणि मुलांसाठी पैसा येत राहिला. दान म्हणून मला हीच रीत सर्वांत पटते.

मानधनाविषयी माझे मत अनेकांना रुचणार नाही, तरीही लिहितो. गीतकाराने आणि संगीतकाराने आपले गाणे द्यावे, नामवंत गायकाने आपला आवाज द्यावा, पण ज्या वादकाचे घर दिवसाच्या मानधनावर चालते, त्याला 'चांगले काम आहे' असे सांगून फुकट बोलावू नये. त्याच्यासमोर पाकीट ठेवावे. ते घ्यायचे की संस्थेला द्यायचे, हे त्याला ठरवू द्यावे. नकार देण्याची सोय नसेल तर त्याच्या देण्याला दान म्हणता येत नाही, आणि कोरसमधल्या गायिकेला किंवा ध्वनिमुद्रकाला ती सोय बहुधा नसतेच. बासरीवादकांना आम्ही पाकीट देऊ केले होते आणि त्यांनी ते हसून परत केले, एवढे एक तरी आमच्या हातून नीट झाले.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट म्हणजे केवळ स्ट्रीमिंगच्या भरवशावर असा अल्बम काढू नये. एकदा गाणे वाजल्यावर मिळणारी रक्कम इतकी किरकोळ असते की हजारो वेळा ऐकले गेलेले गाणेही मिक्सिंगचा, म्हणजे वेगवेगळे ध्वनी जुळवून एकत्र करण्याचा, खर्च भरून काढत नाही. अल्बम थेट विकावा, आगाऊ नोंदणी घ्यावी, आणि स्ट्रीमिंगवर तो काही महिन्यांनी ठेवावा. खर्चासाठी आधीच कोणी देणगीदार मिळाला तर सोन्याहून पिवळे, कारण मग 'नफा' या शब्दाची गरजच उरत नाही आणि विक्रीचा प्रत्येक रुपया संस्थेकडे जातो.

हे सारे मी मित्राला काल रात्री लिहून पाठवले. सोबत दोन पानांचा मसुदाही जोडला: कोणते हक्क, किती काळासाठी, कोणाच्या नावे, हिशेब कोण तपासणार आणि तो दर सहा महिन्यांनी सर्व सहभागींना कसा मिळणार. त्याचा सकाळी फोन आला. आधी थोडा नाराज होता, मग म्हणाला, "मसुदा वकिलांना दाखवतो. पण गाणे देणार आहेस की नाही?"

देणार आहे. कपाटात तीन गाणी तयार आहेत, पण त्यांतले एकही पाठवणार नाही. सध्या जे लिहीत आहे ते देईन. त्याच्या दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ अजून मनासारखी उतरलेली नाही. मी त्याच्याकडे आणखी पंधरा दिवस मागितले आहेत आणि बासरीच्या जागेसाठी त्याच वादकांना बोलवावे असेही सांगितले आहे.